अण्णा आणि स्क्रीनची चूक

आमच्या खासबाग वस्तीतले अनगोळकर अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, स्क्रीनकडे बघतात. तीन पावलं मागं सरतात, एक डोळा मिटतात, अंगठा पुढं धरतात आणि निकाल देतात, "ताणलंय हे." मग खुर्ची, मग चहा.

कॅम्पातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. वर्तुळाचं अंडं झालेलं त्यांना तेव्हा खपत नसे. आता माणसाचं झालेलं खपत नाही. एका लग्नात स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर नवरदेव आडवा पसरलेला दिसला, तसे अण्णा थेट ऑपरेटरपाशी. "थांबवा! पोरगा मूळचा एवढा जाड न्हाय!" मंगलाष्टकं खोळंबली. पडद्यावर नवरदेव बारीक झाल्यावर मुलीकडच्या बायकांनीच आधी सुस्कारा टाकला.

माझा नंबर गेल्या उन्हाळ्यात लागला. मी बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करते. मान दुखायला लागली म्हणून एक जुना, चौकोनी मॉनिटर आणून लॅपटॉपला जोडला. त्यावर माणसं बांबूसारखी उंच आणि अक्षरं धुरकट. मी डोळे चोळत बसले होते, तोच शेजारचे अण्णा दारातून ओरडले, "काय बघूलालीस गं सुनीता? लांबट झाल्यात की समदी! सरक."

"तुम्हाला येतं हे?"

"न येऊन सांगतंय कोण? माऊस दे."

त्यांनी रिझोल्यूशनच्या, म्हणजे स्क्रीनच्या मापाच्या, यादीतला पहिलाच आकडा चुकीचा निवडला. मॉनिटर काळाठिक्कर! अर्ध्या तासानं माझी मीटिंग होती. अण्णा मात्र हाताची घडी घालून निवांत.

"हात लावू नगो. जरा दम धर, आपसूक मागं येतंय. यंत्रालाबी चूक सुधारायला सवड द्यावी."

खरंच, चित्र परत आलं. "तू ह्याला लॅपटॉपची नक्कल करायला लावलीस," ते म्हणाले. "रुंद माणसाचा सदरा बारक्याला घालून कसं चालंल?" त्यांनी नक्कल बंद करून दोन्ही स्क्रीन वेगळ्या केल्या, आणि यादीतल्या ज्या आकड्यापुढं 'रेकमेंडेड' लिहिलं होतं त्यावर टिचकी मारली. अक्षरं धुतल्यासारखी लख्ख झाली.

"एवढं कुठं शिकलात, अण्णा?"

"गरज पडली." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "रविवारी घरी येशील? नातीचं बारसं हाय पुण्यात. व्हिडिओवर बघायचंय. तुझी काकू कॅमेऱ्यासमोर बसंना झालीया."

थंडीत काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालू लागल्या होत्या, पण डावा हात अजून उचलत नव्हता आणि ओठ त्या बाजूला खाली ओढला गेला होता.

रविवारी अण्णांनी लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडून ठेवला होता. कॅमेरा सुरू झाला, त्यात आपला चेहरा दिसला, तशी काकूंनी मान फिरवली. "नगो मला. तोंड वाकडं दिसतंय."

"तू न्हाईस वाकडी! स्क्रीन वाकडी हाय. कितींदा सांगू?" अण्णांनी माऊस धरला. चेहरा आडवा पसरला, मग उभा ताणला गेला, मग जागेवर आला. "हां. आता बघ. रिझोल्यूशनच चुकलं हुतं."

मीही बघितलं. ओठ तसाच होता.

काकूंनी स्क्रीनकडे बघितलं, मग अण्णांकडे. "व्हय," त्या म्हणाल्या. "आता बरं दिसतंय."

पुण्याहून लेकीनं बाळ पुढं धरलं, नाव सांगितलं. जड जिभेनं काकूंनी ते दोनदा म्हणून बघितलं. अण्णा कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं मागं उभे राहून चष्मा पुसत होते.

कॉल संपल्यावर ते चहा टाकायला आत गेले. काकू माझ्याकडे झुकल्या.

"तोंड माझंच वाकडंय, म्हाईत हाय मला. पर हे माझ्यापायी रोज त्या मशीनसंगट भांडूलालेत. किती भांडू द्यायचं? म्हटलं, बसावं आज."

आतून अण्णांनी विचारलं, "काय म्हणतीया गं ती?"

"स्क्रीन झकास झाली म्हणतायत," मी सांगितलं.

"व्हयच की!" म्हणत अण्णा चहा घेऊन आले. काकूंचा चहा त्यांनी बशीत ओतला आणि निवेपर्यंत फुंकर घालत बसले.