चौकशीला आलेल्याची चौकशी

मी कोणाचं ऐकत नाही. गुरुजींचं ऐकलं नाही म्हणून चौथीत लटकलो, आणि डॉक्टरचं ऐकलं नाही म्हणून पंचाहत्तरीपर्यंत टिकलो. पण त्या मंगळवारी ठरवलं, आज नातीचं ऐकायचं. तिथंच चुकलं.

नात म्हणजे जाई. तिला दुबईच्या हॉटेलात नोकरी लागलेली. महिनाअखेरीला पासपोर्ट हातात आला नाही तर नोकरी दुसऱ्याला. सकाळी बाहेर पडताना मोबाईलमध्ये तोंड घालून म्हणाली, "आबा, फोनवर कोणी पोलीस आहे बोलला ना, तर समजायचं फ्रॉड. डायरेक्ट कट करायचा." पुढेही काहीतरी म्हणाली. (ही पोरं माझ्याशी बोलतात की मोबाईलशी, मला कळत नाही. मी लक्ष देणं सोडलंय.)

अकराला फोन आला. "नमस्कार, पोलीस ठाण्यातून नंदकिशोर बोलतोय. जाई यांच्या पासपोर्टच्या..."

कट केला. त्याआधी शिव्या घातल्या. (त्या माझ्या पदरच्या. सानपाड्याची मिठागरं गेली, पण तिथं राबताना शिकलेल्या शिव्या मी जपून ठेवल्यात.)

अर्ध्या तासात दारात एक पोरगा. साधा शर्ट, काखेत टॅब, मिशीचा पत्ता नाही.

"आजोबा, मघाशी फोन केलेला तो मीच."

चोर घरपोच! मी खूश.

"ये, बस."

बसला. म्हणाला, "पासपोर्टची चौकशी आहे. दोन शेजारी साक्षीला लागतील."

"आनतो ना," म्हणत बाहेर आलो आणि बाहेरून कडी घातली.

समोरच्या मालतीबाईंना हाक मारली. त्या लाटणं घेऊनच आल्या. लिफ्टजवळच्या बोर्डावर पोलीस ठाण्याचा नंबर होता, तो लावला.

"साहेब, चोर कोंडलाय! पोलीस हाय सांगतो. आमच्या घरात हाय!"

त्यांनी पत्ता घेतला. "टेन्शन घेऊ नका काका. आमचा माणूस तुमच्याच सोसायटीत आलाय. त्याला पाठवतो."

पाच मोजेपर्यंत आत मोबाईल वाजला. मी दाराला कान लावला.

"हो साहेब... तोतया? कुठल्या फ्लॅटला?... साहेब, तो तोतया मीच आहे."

मालतीबाईंनी लाटणं पदराआड केलं. "पंढरीभाऊ, मी तुमाला वलखत नाय."

कडी काढली. त्यानं ओळखपत्र पुढं धरलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं, आणि शेवटच्या अक्षराला हात जोडले.

"साहेब, मला आत टाका, पन पोरीचा पासपोर्ट आडवू नका."

त्यानं मालतीबाईंची सही घेतली, वरच्या मजल्यावरच्या धर्मराजची घेतली, टॅबवर बोट फिरवलं. "झालं. हरकत नाही म्हणून पाठवलं."

"म्हंजे तुमी रागावलं नाय?"

"नाही हो." तो वाकून बूट घालायला लागला. "उलट माझं काम सोपं झालं. पोरीला देश सोडून कशाला जायचंय, हे तुमच्याबरोबर अर्धा तास काढल्यावर विचारावं लागलं नाही."