सम तारखेचा चेहरा

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत सांगलीला विश्रामबागेत आमचं संयुक्त ओळखपत्र कार्यालय उघडलं. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसांची ओळख पटवून देण्याची जबाबदारी आमच्यावर आली. तोवर ही माणसं एकमेकांना कशी ओळखत होती, याची नोंद दप्तरी नाही.

परिपत्रकात दोन अटी होत्या. फोटोत चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसला पाहिजे, आणि फोटो कार्यालयातच काढला पाहिजे. कार्यालयाला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर कपाट होतं. फ्लॅशची खरेदी विद्युत शाखेनं करायची होती आणि ती शाखा अजून मंजूर व्हायची होती.

मिरजेचे फोटोग्राफर आप्पासो यांनी एकाच कंपनीचे सगळे रोल टेबलावर मांडले. "शंभरचा रोल बारीकसारीक दावतो, पर त्याला उजेड लय लागतो. सोळाशेचा अंधारात चालतो, पर फोटूवर रवा सांडल्यागत दाणे येत्यात. दोन्ही गुण एका रोलात न्हाईत, साहेब."

"मग सरासरी काढा," अधीक्षक नातूसाहेब म्हणाले.

सरासरी साडेआठशे आली. असा रोल कंपनी करत नव्हती. तेव्हा विषम तारखेला शंभरचा आणि सम तारखेला सोळाशेचा रोल वापरावा, असा ठराव झाला. इतिवृत्त मीच लिहिलं. खोटं कशाला बोलू, अक्षर सुरेख आलं होतं.

अकरा तारखेला उंब्रजच्या साळूबाई आल्या. त्यांचा मुलगा जयराज फौजेत होता. सव्वीस तारखेला छावणीत त्याला पदक मिळणार होतं आणि ओळखपत्राशिवाय फाटकातून आत सोडत नव्हते. तारीख विषम, रोल शंभरचा, खोली अंधारी. आप्पासोंनी त्यांना बराच वेळ न हलता बसायला सांगितलं. साळूबाईंना शिंक आली. फोटोत दोन नाकं आली.

त्यांना चौदा तारखेला पुन्हा बोलावलं. या वेळी चेहरा स्थिर आला, वर दाणेही आले. फोटोत दिसेल ते लिहायचं, असा नियम. म्हणून 'ओळखीची खूण' या रकान्यात मी लिहिलं: चेहऱ्यावर सर्वत्र काळे ठिपके.

चोवीस तारखेला, छावणीत पास काढायला गेलेल्या साळूबाई तशाच आमच्याकडे आल्या. "आवं, फाटकावरला शिपाई म्हनतो, कार्डातलं ठिपकं तोंडावर कुटं हाईत? परवा पोराला बिल्ला लागतोय. मला बघू तरी द्या."

मला वाईट वाटलं. मी नातूसाहेबांकडे पाहिलं आणि त्यांनी नियमावलीकडे.

"कार्डातल्या दुरुस्तीला तीन महिने लागतात," ते म्हणाले. "चेहऱ्यातल्या दुरुस्तीला मात्र मुदत घातलेली नाही."

साळूबाईंनी गालावरून बोट फिरवलं. "म्हंजी, ठिपकं म्याच काढू व्हय?"

"कार्यालयाची हरकत नाही."

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. सव्वीस तारखेला त्या तोंडभर काजळाचे ठिपके देऊन गेल्या. फाटकावर त्यांची ओळख ताबडतोब पटली. कार्यक्रम झाल्यावर त्या जयराजपुढे जाऊन उभ्या राहिल्या. छातीवर पदक मिरवत तो अदबीनं म्हणाला, "कोन पायजे, मावशी?"

त्यांनी कार्ड पुढं केलं. त्यानं नाव वाचलं, फोटो पाहिला, ठिपके ताडून घेतले आणि मग वाकून पाया पडला.

पोटचा पोरगा असं करेल का, असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे. मागच्या खेपेला तुम्हाला कुणी "आपण कोण?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही मान वर केलीत की खिशात हात घातलात?