पगडीतली चिठी

पुरुषांच्या पगडीइतकी अजब वस्तू मी साठ वर्षांत पाहिली नाही. आमच्या यजमानांच्या पगडीत काय काय मावतं म्हणून सांगू! तपकिरीची डबी, दातकोरणं, कचेरीतल्या चार याद्या. एकदा तर चाफ्याचं फूल निघालं. (ते कोणासाठी होतं, हे मला अजून कळायचंय.) आम्हां बायकांना आपली कमरेची कनवट आणि पदराची गाठ. झालं!

त्या सकाळी माझी कनवट सुपारी, जायफळ आणि कोठीच्या किल्लीनं टम्म फुगलेली. हातात वाईच्या ताईला लिहिलेली चिठी. माझ्या हातानं लिहिलेली, हं! पुड्यांच्या कागदांवर बघून, भिंतीवर कोळशानं गिरवून मी मोडी शिकले. ना पंतोजी, ना छडी. म्हणून चिठी यांच्या पगडीत खोचली आणि यांना तसं सांगितलं. म्हटलं, बुधवार पेठेत वाईला टपाल नेणारा जासूद भेटेल, त्याला देतील.

दुपारी हे परतले ते डोक्यावर भलतीच पगडी घेऊन.

"अगंबाई! ही कोणाची?"

"दत्तोबांची. पगड्या बदलल्या आम्ही. आजपासून सख्खे भाऊ!"

दत्तोबा म्हणजे आमच्या नातीच्या, शकूच्या, नवऱ्या मुलाचे आजोबा. लग्न चार दिवसांवर आलेलं. मला आधी सकाळची चिठी आठवली. कारण तीत मी ताईला दत्तोबांचंच वर्णन कळवलं होतं: जेवायला बसले की तुपाचं भांडं थरथरतं, घोरायला लागले की पेठेतली कुत्री उठून बसतात, आणि अक्कल पाटावर विसरून उठतात.

"चिठी दिलीत जासुदाला?"

"कुठली चिठी?"

"पगडीत खोचलेली!"

"मग पगडीतच असेल."

"जा, आत्ताच्या आत्ता पगडी परत आणा."

"बदललेली पगडी परत मागू? त्यापेक्षा माझं डोकं माग!"

"ते घेऊन काय करू? त्यात काही मावत नाही."

संध्याकाळी दत्तोबा स्वतःच दारात. डोक्यावर यांची पगडी, चेहरा गंभीर.

"वहिनी, पगडीत एक कागद निघाला."

शकूच्या हातातली मुंडावळी गळून पडली. पोरीचा चेहरा पांढराफटक.

"आमच्या कारकुनाला दाखवला. मग शास्त्रीबुवांना. कोणालाच एक अक्षर लागेना! शास्त्रीबुवा म्हणाले, ही मनुष्याच्या हातची अक्षरं नव्हेत. कोणा सिद्ध पुरुषाचा मंत्र आहे." दत्तोबांनी अंगरख्याची बाही वर केली. दंडावर नवाकोरा चांदीचा ताईत! "यात घातलाय. दुपारपासून गुडघा दुखला नाही. आणि असला मंत्र तुम्ही मला नुसता देऊन टाकलात!"

त्यांनी यांना साष्टांग नमस्कार घातला. हे माझ्याकडे बघत राहिले.

जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या: मनुष्याच्या हातची कशी नव्हेत? माझ्या हातची आहेत! बोलले तर लग्न जातं, गप्प बसले तर माझी विद्या जाते. शकूकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं आणि ताइताला हात जोडले.

लग्न झोकात झालं. दत्तोबा अजून दर सणाला दंडाला गंधफूल वाहतात.

मी मात्र तो ताईत पाहिला त्याच रात्री ताईची जुनी पत्रं काढून बसले. पंधरा वर्षं तिचं तेच एक उत्तर: 'तुझं पत्र वाचता वाचता आमच्या कारकुनाच्या डोळ्यांतून पाणी आलं.'

आणि मला वाटायचं, काय ही माझी लेखणी!