दौलतरावांचे पाव्हणे

आमच्या पांढुर्ण्यात दौलतराव सगळ्यांना ‘पाव्हणे’ म्हणतात. भिंतीला भिंत लागून राहणारा मी पाव्हणा, रोज दूध घालणारा पाव्हणा. एकदा सख्ख्या धाकट्या भावालाही म्हणाले, “या पाव्हणे.” तो दारातच थबकला. “दादा, मले घरातून काढून राहिले का?”

आमच्याकडे ‘भाऊ’ म्हटल्याशिवाय बाजारातून मेथीची जुडी आणता येत नाही. दौलतराव आणतात. “का जी पाव्हणे, मेथी कशी?” भाजीवाला त्यांना बाहेरगावचे समजून वाळलेली जुडी देतो.

याला कारण आमचे दिवंगत नेते. अख्खा गाव त्यांना भाऊ म्हणायचा. आता रस्त्याच्या अलीकडे म्हणतात की भाऊंनी धर्म वाचवला, आणि पलीकडे म्हणतात की त्यांनी दुकानं जाळायला लावली. पुण्यतिथीला अलीकडे हार पडतात, पलीकडे शटर पडतात. मी त्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून घरी बसतो. दौलतरावांना बोलावणं आलं की ते म्हणतात, “पाव्हणे, संत्र्याच्या कलमांले पानी देऊन राहिलो.” भर पावसातही हेच सांगतात.

पलीकडे सत्तारचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. सत्तार आणि दौलतराव शाळेपासूनचे दोस्त, एकमेकांना भाऊच म्हणायचे. दंगलीत ते दुकान पेटवणारा जमाव “भाऊ जिंदाबाद” ओरडत होता. जमाव पांगल्यावर दौलतराव धावत गेले आणि सत्तारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भाऊ, चाल घरी.” सत्तारनं हात झटकला. “हा शब्द आता माह्यासमोर काढू नको.”

महिन्याभरात सत्तार बिऱ्हाड घेऊन सौंसरला गेला. ज्याच्यासमोर शब्द काढायचा नव्हता तो माणूसच गावात उरला नाही, तरी दौलतरावांनी तो शब्द कायमचा टाकला. मला हा वेडेपणा वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

यंदा सत्तारच्या मुलीचं लग्न ठरलं आणि इतक्या वर्षांनी त्याचा निरोप आला. दौलतरावांनी मला स्कूटर काढायला लावली. अर्ध्या रस्त्यात मागून म्हणाले, “त्याले का म्हनू जी? पाव्हणे म्हनलं तं तो परका झाला.”

“नावानं हाक मारा.”

“नावानं तं पोलीस हाक मारते.”

सत्तार दारातच उभा होता. दाढी पांढरी झालेली. दौलतरावांचे ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. सत्तारनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आत वळून बायकोला सांगितलं, “याचा चहा बिनसाखरेचा ठेवजो. शुगर हाय याले.”

दौलतराव तिथंच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले.

त्यांना शुगर निघाली ती सत्तार गाव सोडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. त्याला हे कुणाकडून कळलं, मी विचारलं नाही.