दारातली चूल

गिझर बंद पडायला नेहमी रविवारच निवडतो. आठवड्यातले बाकीचे दिवस त्याची प्रकृती उत्तम असते. जोतिरामच्या घरातल्या गिझरने डिसेंबरातल्या त्या सकाळी एकदा घुर्र केलं, लाल दिवा लावला, लगेच विझवला आणि पुढचा कारभार मालकावर सोपवून तो भिंतीवर नुसता लटकत राहिला.

"करा आता गार पाण्यानं आंघोळ," सोनाली म्हणाली. "सोलापुरात कुटं थंडी असती, असं तुमीच म्हणत हुता की."

म्हणत होता खरा. पाटबंधारे खात्यात कारकून असलेला जोतिराम नातेपुत्याहून बदली होऊन सोलापुरात आला, तेव्हा इथली थंडी बघून त्याला हसू आलं होतं. पंखा पाचावरून दोनावर आणावा लागला की इथला माणूस कपाटातून कानटोपी शोधून काढतो. पारा आणखी जरा घसरला की चादर पांघरून "लई गारठलंय की ओ" असं दिसेल त्याला सांगत सुटतो. जोतिरामने पंधरवडाभर या लोकांची टिंगल केली. मग एक जाड चादर विकत घेतली आणि बघता बघता कॉलनीतला सर्वात गारठलेला माणूस तोच झाला.

सोलापूर त्याला भलतंच मानवलं होतं. कडक भाकरी, वर दह्यात कालवलेली शेंगाचटणी, रविवारी दारात खुर्ची टाकून कोवळं ऊन खाणं, असली सुखं त्याला मिळत होती. पण सगळ्यात मोठं सुख म्हणजे त्याची आई गोजाबाई इथं नव्हती. नातेपुत्यात ती पहाटे त्याचं पांघरूण ओढायची आणि "माणसं रानात गेली, तू लोळ" असं गावाला ऐकू जाईल इतक्या प्रेमाने म्हणायची. मागच्या आठवड्यात ती दोन दिवस खोकत राहून गेली होती. जाताना उशिरा उठण्यावरून मायलेकांचं वाजलं आणि "परत तुज्या दारात पाऊल ठिवणार न्हाय" असं म्हणून ती अंधारातच पहिल्या एसटीने निघाली. पिशव्या उचलून स्टँडपर्यंत पोचवायला जाताना जोतिरामला त्यांचं ओझं अजिबात जाणवलं नाही.

या सुखात मिठाचा खडा एकच होता. जुळे सोलापुरातल्या या कॉलनीत आल्यापासून सोनालीशी एक बाई धड बोलली नव्हती. भाडेकरू आज आहेत, उद्या नाहीत, त्यांच्याशी काय ओळख वाढवायची, अशी कॉलनीची व्यवहारी भूमिका होती. सोनाली दिवसभर भिंतींशी बोलून कंटाळली होती.

"संक्रांतीपतुर एक जरी बाई घरात आली न्हाय," तिने बजावलं होतं, "तर मी आत्याला कायमची बोलावून घेणार. भांडायला का हुईना, माणूस तर हुईल."

आत्या म्हणजे तिची सासू, गोजाबाई. तेव्हापासून जोतिराम कॉलनीतल्या प्रत्येक बाईकडे आशेने बघत होता आणि त्यामुळे ओळख वाढायला फारशी मदत होत नव्हती.

तर गिझर बंद पडला. जोतिरामने तीन विटा घेतल्या, मोडक्या बाजेची लाकडं घेतली आणि मागे जागा नव्हती म्हणून थेट पुढच्या दारात चूल मांडली.

"आवं, दारात चूल मांडू नये," सोनाली म्हणाली.

"का?"

"दारात पाणी कवा तापवत्यात, म्हाईत न्हाय व्हय तुमाला?"

"ते गावाकडं. हितं शहरात असलं कोण बगत न्हाय," असं म्हणून शहराच्या जाणकाराने चुलीवर मोठं पातेलं चढवलं. लाकडं ओली होती. धुराने त्याचे डोळे चुरचुरू लागले. अंगावर चादर, डोक्यावर टॉवेल घेऊन, खुर्चीत बसून, टॉवेलच्या टोकाने डोळे पुसत तो ऊन खाऊ लागला.

समोरच्या बाल्कनीत सोमशेखर पेपर वाचत होते. कॉलनीत सोसायटी अशी नव्हतीच, पण चेअरमन होते आणि ते सोमशेखर होते. त्यांनी पेपरावरून पाहिलं. दारात चूल, चुलीवर पाणी, शेजारी डोळे पुसणारा माणूस. या घरात मागच्या आठवड्यात एक म्हातारी खोकत आली होती. ती जाताना कुणी पाहिली नव्हती आणि तिचा खोकलाही आता ऐकू येत नव्हता. सोमशेखरांनी पेपरची घडी घातली.

ते खाली आले, जोतिरामच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मग खुर्ची ओढून बसले.

"बसा की, बसा," जोतिराम हरखून म्हणाला. "आज ऊन बरं हाय."

सोमशेखरांनी डोळे मिटले. असा धीराचा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग त्यांनी मोबाइल काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. त्या ग्रुपवर भाडेकरूंना घेत नसत, त्यामुळे त्या ओळी जोतिराम सोडून सगळ्यांनी वाचल्या.

थोड्याच वेळात माणसं येऊ लागली. जो तो आपापली खुर्ची आणि आपापली चादर घेऊन आला, मान खाली घालून बसला आणि गप्प राहिला. सोलापूरची माणसं ऊन किती मन लावून खातात, याचं जोतिरामला कौतुक वाटलं. तेवढ्यात डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका आल्या आणि काही न बोलता सरळ घरात शिरल्या. एक नाही, दोन नाही, रांगच लागली. जोतिरामला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सोनालीची अट संक्रांतीच्या कितीतरी आधी पुरी झाली होती.

"आगं ए, समद्यांना च्या टाक!" त्याने आनंदाने आत ओरडून सांगितलं.

खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. म्हातारे गुरुसिद्धप्पा उठून जवळ आले आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "नको ओ, चहा नको. आज तुमच्या घरात काही पेटवायचं नाही. आमच्या पार्वतम्मा बघतील सगळं."

पार्वतम्मा म्हणजे सोमशेखरांच्या सौभाग्यवती. त्यांनी खरोखरच ताट आणलं. गरम पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी. पहिल्याच दिवशी हा पाहुणचार! जोतिराम चादर सावरून ताटावर बसला आणि त्याने एकामागून एक भाकरी संपवली.

"कांदा हाय का ओ एखादा?" त्याने विचारलं. "पिठल्याला कांदा पायजे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. धक्का बसला की माणूस असंच काहीतरी करतो, असं गुरुसिद्धप्पांनी शेजारच्याला हळूच समजावलं. कांदाही आला. तो फोडण्यासाठी जोतिरामने मूठ उचलली, इतक्यात सोमशेखर त्याच्या कानाशी वाकले.

"वैकुंठरथाला फोन केलाय. निघालोच म्हणायलाय. आईला आंघोळ कोण घालणार?"

"कुणाच्या आईला?"

"तुमच्या ओ."

जोतिरामची मूठ हवेतच राहिली. त्याने चुलीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, खाली घातलेल्या मानांकडे पाहिलं आणि शेवटी ताटातल्या पिठल्याकडे पाहिलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. फक्त आज आठवायला उशीर झाला होता. "आलोच," असं म्हणून तो घरात पळाला.

आत सोनाली बायकांच्या मधोमध, पार्वतम्मांच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती. त्याने तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"हितं काय चाललंय, म्हाईत हाय का तुला?"

"हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगणारच हुते. पर त्यांनी जवळ घेतलं, पाटीवरनं हात फिरवला." तिने नाक पुसलं. "हितं आल्यापासनं मला कुणी जवळ घेऊन बोललं न्हाय ओ. रडूच आलं. खरंच आलं."

जोतिरामला तिची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली. ऊन खाताना ही गोष्ट त्याच्या कधी ध्यानातच आली नव्हती. "बरं, आता तरी सांग जा."

"मी? चूल कुणी मांडली? आन् आता सांगितलं तर ह्या बाया परत उंबरा वलांडतील व्हय? मग मला आत्यालाच आणावं लागंल, बगा."

जोतिराम विचारात पडला. आईला नातेपुत्यात ठेवायचं असेल, तर तिला आणखी थोडा वेळ मेलेलीच ठेवणं भाग होतं. यापेक्षा सोयीचा मार्ग त्याला दिसेना. तो तोंड पाडून बाहेर आला.

"वैकुंठरथ नको," तो म्हणाला. "आई हितं न्हाय. गावाकडंच... नातेपुत्याला."

"मग पाणी कशाला तापवलं?" कुणीतरी विचारलं.

"काय सुचंनाच मला," जोतिराम म्हणाला आणि हे शब्दशः खरं होतं. गुरुसिद्धप्पांनी डोळ्यांना रुमाल लावला.

इथंच थांबला असता तर निभावलं असतं. पण एवढी माणसं आपलं कान देऊन ऐकत आहेत, हा अनुभव त्याला ना ऑफिसात होता, ना घरात. तो बोलत गेला. "लई माया हुती ओ तिची. कितींदा म्हणलं, आई, हितंच ऱ्हा माज्याजवळ. पर न्हाय ऐकली. आता वाटतंय, ती हितं असती तर रोज तिच्या आदी उठलो असतो. तिला ऊन ऊन पाणी दिलं असतं. पाय चेपलं असतं." खिडकीतून ऐकणाऱ्या बायकांना हुंदका आवरेना. स्वतःचं बोलणं ऐकून जोतिरामही हळहळला.

सोमशेखर उठून उभे राहिले. "तुम्ही एकटे नाही. सगळी कॉलनी येणार नातेपुत्याला."

"लई लांब हाय ओ. कशाला तरास?"

"लांब असलं म्हणून काय झालं? माणुसकी आहे की नाही?"

माणुसकीला एकदा जोर चढला की तिला आवरणं कठीण. वैकुंठरथ परत पाठवला गेला आणि टेम्पो ट्रॅव्हलर आला. सोमशेखरांनी झेंडूचा भला मोठा हार आणवला. जोतिरामला हाताला धरून गाडीत खिडकीशी बसवण्यात आलं. वाटेतलं मोहोळ येईपर्यंत आपल्याला काहीतरी सुचेल, अशी त्याला अंधुक आशा होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि काखेत हुरड्याची पिशवी घेऊन गोजाबाई उतरली. परत पाऊल न ठेवण्याची शपथ हुरडा तयार होईपर्यंतच टिकली होती. चार पावलं चालून तिने समोर पाहिलं. दारात चूल, चुलीवर पाणी, चादरी पांघरलेले पुरुष, पदर घेतलेल्या बायका, एकाच्या हातात हार. आणि जोतिराम कुठे दिसेना. तिच्या काखेतली पिशवी रस्त्यावर पडली.

"जोत्याऽऽ! आरं माज्या लेकराऽऽ!" एक चप्पल रस्त्यात सोडून ती धावत सुटली. "मी भांडून गेले रं! तुला कवा झोपू दिलं न्हाय रं! आता कायमचा झोपलास की रं!"

जोतिराम गाडीतून उडी मारून खाली आला. "आई! आई, मी हाय की हितं!"

गोजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, मग एक सणसणीत कानाखाली दिली आणि मग त्याला पोटाशी धरून ती लहान पोरीसारखी रडली. जोतिरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण सकाळपासून तोंडाने जे बरळत होतो, ते या बाईने एका क्षणात खरोखर भोगलं, हे त्याला कळलं आणि तोही रडला. या वेळी धुराचा काही संबंध नव्हता.

"या कोण?" हार सावरत सोमशेखरांनी विचारलं.

"आई."

"कुणाची?"

"माजीच."

मग जोतिरामने खाली मान घालून गिझरपासून सगळं सांगितलं. सोमशेखरांचे कान लाल झाले आणि लोक आपापल्या खुर्च्या उचलू लागले. सोनाली दारात उभी होती. आता या बायका जन्मात आपल्याशी बोलणार नाहीत, या भीतीने तिचा चेहरा उतरला होता.

पण गोजाबाईने डोळे पुसले होते आणि ती सगळ्यांना नीट न्याहाळत होती.

"म्हंजे ही समदी माणसं माज्यासाटी आल्याती?"

"व्हय," जोतिराम म्हणाला.

"गाडी बी?"

"व्हय."

तिने सोमशेखरांच्या हातातल्या हाराला बोट लावून पाहिलं. "झेंडू ताजा हाय. आन् रडलं कोण कोण?"

"सगळेच की ओ आई," पार्वतम्मांना राहवलं नाही. "तुमचं लेकरू बोललंच तसं! म्हणाले, आई हितं असती तर रोज तिच्या आधी उठलो असतो, पाय चेपले असते."

गोजाबाई जोतिरामकडे वळली. "आसं म्हणलास?"

सगळी कॉलनी त्याच्याकडे बघत होती. आईचं मरण खोटं होतं, हे माणूस चारचौघांत कबूल करू शकतो. तिच्यावरची माया खोटी होती, हे कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.

"व्हय," जोतिराम पुटपुटला.

"मग मी न्हाय जात आता," गोजाबाई म्हणाली. "हितली माणसं लई गुणाची हायती. सोनाले, ती पिशवी उचल. पातेलं उतरव, आरावर हुरडा भाजू. बसा ओ बायांनो, न खाता कुटं निगाला?"

बायका बसल्या. सोनाली त्यांच्यात जाऊन बसली, तिला कुणी सरकून जागाही दिली. पुरुषांनी उचललेल्या खुर्च्या पुन्हा खाली ठेवल्या. इकडे टेम्पोचा ड्रायव्हर जायचं आहे की नाही, हे विचारत होता.

"जायाचं की," गोजाबाई म्हणाली. "सांगितलेली गाडी रिकामी कशाला घालवायची? जोत्या, बस आत. नातेपुत्याला जा आन् माजी पेटी घेऊन ये. जातं बी आण. आन् दोन शेरडं हायती, त्यास्नी मागच्या शिटावर बांद."

जोतिराम मुकाट्याने गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू झाली, तेवढ्यात दार उघडून सोमशेखर आत शिरले आणि त्याच्या शेजारी बसले.

"चला," त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "म्हणालो होतो ना, तुम्ही एकटे नाही."