अण्णांचा पितळी मोर

यशवंतअण्णा पहिल्यांदा माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ देवापुढची समई उचलली आणि बूड बघायला उलटी केली. तेल सगळं माझ्या लॅपटॉपच्या पिशवीवर. "मशीनचं हाय. माणसाचा हात स्वल्पसुद्धा लागला नाही," असा निकाल देऊन त्यांनी समई जागेवर ठेवली आणि मग माझं नाव विचारलं.

हे माझे राजाजीनगरातले घरमालक. कैक पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं मराठी घराणं, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेलं आणि आवाज ठाम. कुणाच्या वास्तुशांतीला गेले तरी नमस्काराआधी देवामागची प्रभावळ फिरवून बघतात. पाठीवर हातोडीचे घाव दिसले तर पोटभर जेवतात, नाहीतर नुसतं ताक पिऊन उठतात.

स्वतःच्या देवीसाठी ते पितळेची प्रभावळ घडवत होते. राळेच्या थरावर पत्रा बसवायचा आणि मागून ठोकत ठोकत त्यातून मोर उठवायचा. परदेशातल्या मुलानं तयार प्रभावळ मागवून दिली होती. तिच्यावर अण्णा मिरच्या वाळवत. "नवरात्राच्या आत माझी उभी करणार. आणि हातचीच!"

माझी पंचाईत अशी, की मी काम करायचे घरूनच. एकदा मीटिंगमध्ये क्लायंटनं विचारलं, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का? मी तावातावानं खाली गेले.

"ठोकणं थांबणार नाही," अण्णा म्हणाले. "वेळ तू सांग की."

तेव्हापासून मीटिंग संपली की मी खाली जाऊन सांगायचे, "झाली, अण्णा." मग ते कॉफी पुढे करायचे, मोराच्या मानेवर व्याख्यान द्यायचे आणि त्यानंतर हातोडी उचलायचे. व्याख्यान मीटिंगपेक्षा लांबायचं. मी वैतागायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. कॉफी फक्कड असायची.

नवरात्र दोन आठवड्यांवर आलं आणि आमच्या कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. मी खूश होऊन खाली धावले. "अण्णा, सोमवारपासून दिवसभर ठोका! आता कुणाची मीटिंग नाही."

बोलता बोलता पत्र्याकडे लक्ष गेलं. काल पुरा झालेला पिसारा ठोकून सपाट केलेला.

"हे काय केलंत?"

"सरी नव्हता. जमला नव्हता नीट."

"काल तर म्हणालात, असा मोर अख्ख्या राजाजीनगरात नाही!"

अण्णांनी हातोडी खाली ठेवली.

"तिसऱ्यांदा सपाट केला ग," ते म्हणाले. "पुरा झाला तर तू खाली कशाला येशील? मुलगा फोनवर इंग्लिश बोलतो. आमची ही गेल्यापासून या घरात मराठी बोलायला तूच येतेस."

मी पत्रा त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, "दर शनिवारी येणार, अण्णा. मोर झाला तरी येणार. पण देवीला नवरात्रात प्रभावळ हवी."

"शनिवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं, आणि छिन्नी उचलली.