रुझाचे नव्वद दिवस

रुझाचे नव्वद दिवस वाया जाऊ द्यायचे नाहीत, हे तिहोमिरने तिच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाच सांगून टाकलं होतं. ताटात मासा होता, शेजारी पाद्री बसले होते आणि कानाला फोन होता.

व्हिएन्नातली त्याची नात दुन्या दोन वर्षांची होती. तिची आई यागोदा, म्हणजे तिहोमिरची मुलगी, इस्पितळात नर्स होती. बाप बोयान ट्रक चालवायचा. पाळणाघरात सप्टेंबरशिवाय जागा मिळणार नव्हती. म्हणून दोन्ही आज्यांनी वर्ष वाटून घेतलं होतं. सर्बियाच्या माणसाला तिकडे व्हिसाशिवाय एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं. त्यामुळे नव्वद दिवस रुझा, नव्वद दिवस विहीण देसांकाबाई. एक सरहद्दीच्या आत गेली की दुसरी बाहेर. दीड वर्षात दोघी एका टेबलावर कधी जेवल्या नाहीत, त्यामुळे त्यांचं उत्तम जमायचं.

मार्चमध्ये रुझा गेली. तेव्हा विहीणबाईंची खेप चालू होती.

"पुढची खेप माझी," तिहोमिर फोनवर म्हणाला.

"तुमची?" विहीणबाई व्हिएन्नाहून म्हणाल्या. "व्याही, तुम्हाला अंडं उकडता येतं का?"

"शिकेन."

"आणि पोरीला आंघोळ? कपडे बदलणं?"

"चाळीस वर्षं साखर कारखान्यात मशिनं दुरुस्त केली आहेत मी."

"तिला नटबोल्ट नाहीत हो, व्याही."

"विहीणबाई, रुझाचे नव्वद दिवस माझे. विषय संपला."

विषय संपला नाही, पण दुसरा इलाजही नव्हता. आईच्या दुखण्यात यागोदाची ऑगस्टपर्यंतची सगळी रजा संपली होती. विहीणबाईंचा नव्वदावा दिवस जूनमधल्या एका शनिवारी येत होता. सोमवारी सकाळी सहाला यागोदाची ड्युटी होती, बोयान रविवारी रात्रीच ट्रक घेऊन बाहेर पडणार होता. त्याआधी तिहोमिर दारात उभा नसला, तर यागोदाला नोकरी सोडावी लागणार होती.

त्या शनिवारी चुप्रियातल्या आपल्या घरी तिहोमिर पहाटे पाचलाच तयार झाला. कपाटाच्या खणात दोन लाल पासपोर्ट एकावर एक पडले होते. त्या खणात तो फार वेळ बघत नसे. वरचा उचलला, खिशात टाकला आणि खण लावला. सहाला व्हिएन्नाला प्रवासी नेणाऱ्या झिकाची आठ सीटची गाडी दाराशी आली. शेजारीण स्तामेंकाने रीत म्हणून त्याच्या मागे तांब्याभर पाणी ओतलं, काम पाण्यासारखं सरळ होवो म्हणून, आणि तो निघाला.

दहाच्या सुमारास हंगेरीलगतची होर्गोशची सरहद्द आली. झिकाने नेहमीप्रमाणे सगळ्यांचे पासपोर्ट शाळेतल्या वह्यांसारखे गोळा केले आणि खिडकीत दिले. थोड्या वेळाने पोलीस स्वतःच गाडीपाशी आला.

"रुझा कोण?"

कुणी हललं नाही.

"रुझा. चुप्रियाची. वय चौसष्ट."

तिहोमिरने हळूच हात वर केला.

पोलिसाने त्याच्या मिशांकडे पाहिलं. "तुम्ही रुझा?"

"माझी बायको."

"कुठे आहे ती?"

"चुप्रियात."

"मग पासपोर्ट एकटाच फिरायला निघाला का?"

"चुकून आला. माझा घरी राहिला."

"मग फोन करा बाईंना. कुणाच्या तरी हाती पाठवून देतील."

"ती फोन घेत नाही."

मागच्या सीटवरची बाई कळवळली. "निघताना भांडलात का हो काका? आमचेही असेच फुगून बसतात. तुम्हीच आधी बोला. पुरुषाने बोलावं."

"मी रोज बोलतो," तिहोमिर म्हणाला. "मार्चमध्ये वारली ती."

झिकाने टोपी काढली. मागची बाई खिडकीबाहेर बघू लागली. पोलिसाने पासपोर्ट मिटला, पुन्हा उघडला.

"काका, हा जमा करायला हवा होता. तसा कायदा आहे."

"अजून आठ वर्षं मुदत आहे त्याची."

"त्याची आहे हो. पण बाईंची..."

"ते मला ठाऊक आहे."

मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. पोलिसाने पासपोर्ट तिहोमिरच्या हातात ठेवला आणि त्याची मूठ मिटवली. "मी काही पाहिलेलं नाही. गावच्या ठाण्यात नेऊन द्या. आणि आता खाली उतरा, रांग अडली आहे."

झिकाने त्याला अलीकडच्या पेट्रोल पंपावरच्या खानावळीत सोडलं. "काका, परत जा घरी. वय आहे का हे?"

"मी व्हिएन्नाला निघालोय," तिहोमिर म्हणाला. "घर मागे आहे." आणि त्याने स्तामेंकाला फोन लावला. तिच्याकडे त्याच्या घराची किल्ली असायची.

"भावजी, पोचलात इतक्यात?"

"कपाटाच्या वरच्या खणात एक पासपोर्ट आहे बघ."

"आहे. लाल," ती घरात जाऊन म्हणाली.

"तोच. दुपारच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठव. मी सरहद्दीवर उभा आहे म्हणावं."

चुप्रियात टपालावर विश्वास ठेवत नाहीत, ड्रायव्हरवर ठेवतात. औषधं, चाव्या, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर कवळी, सगळं ड्रायव्हरबरोबर गेलेलं आहे. स्तामेंका हो म्हणाली आणि कामाला लागली. पण नुसता पासपोर्ट पाठवणं तिला बरं दिसेना. तिने एक खोका घेतला. तळाशी पासपोर्ट ठेवला, त्यावर धुरी दिलेली डुकराची मांडी, त्यावर मिरच्यांच्या चटणीच्या दोन बरण्या. खोका चिकटपट्टीने बंद करून वर यागोदाचं नाव आणि नंबर लिहिला, कारण मांडी यागोदाला होती. ड्रायव्हरला सांगितलं, "सरहद्दीवर मिशीवाले गृहस्थ उभे असतील, त्यांना द्या." कुठल्या सरहद्दीवर, हे सांगितलं नाही. तिच्या लेखी सरहद्द एकच होती.

दोन वाजता व्हिएन्नाहून येणारी गाडी पंपावर थांबली आणि तीतून विहीणबाई उतरल्या. हातात रिकाम्या बरण्यांनी भरलेली दोन पोती. त्यांनी तिहोमिरला पाहिलं आणि पोती खाली ठेवली.

"तुम्ही इथे? आत्तापर्यंत बुडापेस्टच्या पुढे असायला हवं होतं."

तिहोमिरने सगळं सांगितलं. विहीणबाई त्याच्यासमोर बसल्या, त्याच्या ताटातला एक बटाटा उचलून खाल्ला.

"मी म्हटलं होतं."

"हो."

"अंड्याचं म्हटलं होतं. पण तुम्ही त्याच्याही अलीकडेच अडकलात." मग त्यांनी आपल्या ड्रायव्हरला हात केला. "तुम्ही व्हा पुढे. यांचा पासपोर्ट येईपर्यंत मी थांबते. एकटं सोडलं तर हे माझाच घेऊन जातील."

पाच वाजले, साडेपाच वाजले. दुपारची गाडी येईना. शेवटी यागोदाचाच फोन आला.

"बाबा, एका अनोळखी ड्रायव्हरने फोन केला होता. तुमचा पासपोर्ट हंगेरीत आहे."

"आणि मी?"

"तुम्ही कुठे आहात ते तुम्ही सांगा!"

झालं होतं असं, की शनिवार असल्यामुळे होर्गोशला तीन तासांची रांग होती. ड्रायव्हर शहाणा होता. त्याने सुबोटित्सावरून गाडी वळवली आणि केलेबियाच्या नाक्यावर गेला. तिथे उतरून त्याने मिशीवाला माणूस शोधला. दोन सापडले, पण त्यांच्या खिशात आपापले पासपोर्ट होते. मग त्याने खोक्यावरचं नाव वाचलं आणि खोका पुढे नेला. हंगेरीत मांस न्यायला मनाई, म्हणून सीटखाली दडवून नेला. असा तिहोमिरचा पासपोर्ट डुकराच्या मांडीखाली लपून युरोपात शिरला. शिक्का न मारता.

"बाबा, पुरे झालं आता," यागोदा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "परत जा तुम्ही. मी देते राजीनामा. तशीही..."

"राजीनामा द्यायचा नाही."

"अहो, पण..."

"आईने तुझ्या शिक्षणासाठी बारा वर्षं शिवणयंत्र चालवलं. राजीनामा द्यायचा नाही. खोका हाती आला की बोयानला उद्या सकाळी गाडीने इकडे पाठव. तो मला घेऊन परत येईल. संध्याकाळपर्यंत मी तुझ्या दारात."

फोन ठेवल्यावर विहीणबाईंनी आपली पोती उचलली. मग म्हणाल्या, "पालिचला माझी मावसबहीण आहे. रात्री तिच्याकडे चला. आणि तिथे तरी एक अंडं उकडून दाखवा."

तिहोमिरने तीन उकडली. एक फुटलं. विहीणबाईंनी फुटलेलं खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

रविवारी दुपारी बोयानची गाडी पंपावर आली. मागच्या सीटवर दुन्या होती. यागोदाची रविवारचीही ड्युटी होती, पोरीला ठेवायचं कुणाकडे, म्हणून बापाने तिला बरोबर आणलं होतं. तिहोमिरने तिला उचललं. तिने आधी त्याच्याकडे, मग विहीणबाईंकडे पाहिलं. आजी आणि आजोबा एकदम बघायची तिला सवय नव्हती.

"चला बाबा, लगेच निघू," बोयान म्हणाला. "रात्री दहाला ट्रक घेऊन मला लिंट्झला जायचंय." त्याने डिकीतला खोका काढला. तो तसाच बंद होता. सकाळी परतच न्यायचा तर उघडायचा कशाला, असा विचार त्याने केला होता. चिकटपट्टी फाडली, बरण्या काढल्या, मांडी काढली. तळाशी पासपोर्ट होता. थोडा तेलकट, पण तिहोमिरचाच. फोटोत मिशा काळ्या होत्या.

विहीणबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि पान वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

"व्याही, हा केव्हा काढला होता?"

"आम्ही दोघं ग्रीसला समुद्रावर गेलो होतो तेव्हा."

"त्याला दहा वर्षं झाली. मुदत मे महिन्यात संपली."

बोयानने पासपोर्ट घेऊन उन्हात धरला, जणू उजेडात तारीख बदलणार होती.

"रुझाने तिचा नवा काढला होता," तिहोमिर म्हणाला. "असल्या तारखा तीच बघायची."

"म्हणजे गेलेल्या बाईचा चालू आणि जित्या माणसाचा बंद," विहीणबाई म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पण तिहोमिर हसला. मार्चनंतर पहिल्यांदाच. मग तो गंभीर झाला.

"बोयान, नवा काढायला किती दिवस?"

"घाई केली तरी दोन-तीन. आणि आज रविवार."

"विहीणबाई?"

"माझे नव्वद काल भरले. आता सप्टेंबरपर्यंत मला पलीकडे उभं करणार नाहीत."

बोयान गाडीच्या बॉनेटवर बसला. "संपलं मग. यागोदाला फोन करतो."

"थांब," तिहोमिर म्हणाला. दुन्या त्याच्या कडेवर होती आणि त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती. "हिचा पासपोर्ट कुठला?"

"हिचा? आपलाच. सर्बियाचा."

"मुदत?"

"आहे हो, तीन वर्षं."

"मग सर्बियात हिला किती दिवस राहता येतं?"

बोयान बॉनेटवरून उतरला. "हिला कसले दिवस? हिचाच देश आहे."

विहीणबाईंनी चष्मा काढला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष. दीड वर्ष दोन म्हाताऱ्या कॅलेंडरवर फुल्या मारत सरहद्दीवरून ये-जा करताहेत. आणि ही चिमुरडी..."

यागोदाला समजावायला अर्धा तास लागला. ती आधी नाही म्हणाली, मग रडली, मग ऑगस्टमधल्या रजेचे दिवस मोजू लागली. दर रविवारी सुट्टी मिळाली तर विमानाने येईन म्हणाली. शेवटी विचारलं, "बाबा, तुम्हाला सूप करता येतं का?"

"तुझ्या आईसारखं नाही."

"माझ्या आईसारखं कुणालाच येत नाही," यागोदा म्हणाली. "पण दुन्याला गरम नको, कोमट लागतं. आणि झोपताना पाठीवर थोपटायचं. गाणं म्हणू नका, ती घाबरते."

बोयान पोरीचे मुके घेऊन, डोळे पुसून, एकटाच परत गेला. चारच्या सुमारास व्हिएन्नाहून परतणारी झिकाची गाडी पंपावर आली. तिहोमिर पोरीला घेऊन आत चढला. मागून विहीणबाई, पोती आणि डुकराची मांडी.

"काका," झिका म्हणाला, "तुम्ही नातीला सांभाळायला जाणार होतात ना?"

"चाललोच आहे."

दुन्या बेलग्रेडपर्यंत झोपली. मग उठून चटणी मागू लागली, मग आजोबांच्या मांडीवर उभी राहून सगळ्या गाडीला हात करू लागली. तिहोमिरने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, मशिनचा चालू पट्टा धरावा तसं. वेलिका प्लानाचा फाटा आला. झिकाने गाडीचा वेग कमी केला आणि आरशातून मागे पाहिलं. विहीणबाई हलल्या नाहीत. फाटा मागे पडला.

"विहीणबाई," तिहोमिर म्हणाला, "तुमचं गाव गेलं."

"दिसलं मला. अंडी फुटतात तुमच्याकडून."

तिहोमिरने दुन्याला मांडीवर बसवलं. घरात पाहुण्यांची खोली होती. तिथे मार्चपासून कुणी खिडकी उघडली नव्हती.

"किती दिवस राहणार?" त्याने विचारलं.

विहीणबाईंनी दुन्याचं तोंड तिहोमिरच्याच बाहीने पुसलं.

"का? चुप्रियात शिक्का मारतात?"